क्लॅरिनेटचे पॅड: कोणते घ्यावेत आणि भोकावर नीट कसे बसवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकडी, सतरा चाव्यांचा बोम सिस्टिमचा (म्हणजे चाव्यांच्या आजच्या रचनेचा) क्लॅरिनेट विसर्जनाच्या मिरवणुकीत भिजला. तेव्हापासून खालचे स्वर धरत नाहीत, खालचा ई, म्हणजे वाद्याचा सगळ्यात खालचा स्वर, तर फुटतोच. (पॅड म्हणजे चावीच्या टोकाच्या वाटीत बसवलेली, भोक झाकणारी छोटी गादी.) पॅड कोणते घ्यावेत, घरी बसवता येतील का, आणि नवे पॅड लावून चाव्या रात्रभर रबराने आवळून ठेवाव्यात असं सांगतात ते बरोबर आहे का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. रबर बांधू नका. आवळलेल्या पॅडवर भोकाच्या काठाचा खोल वळ उमटतो, दुसऱ्या दिवशी वाद्य झकास वाजतं, आणि आठ-पंधरा दिवसांत पॅडमधला नमदा (दाबलेली लोकर) फुगून मूळ आकारावर आला की गळती पुन्हा सुरू होते. पॅड दाबून बसवायचा नसतो, तो टेकायला हवा. चावी निव्वळ स्वतःच्या स्प्रिंगच्या जोरावर, किंवा एरवी उघड्या राहणाऱ्या चावीच्या बाबतीत बोटाच्या अगदी हलक्या स्पर्शावर, भोकाच्या संपूर्ण काठाला एकाच क्षणी टेकली, तर तो पॅड बसला. जोर लावल्यावर बंद होणारा पॅड मिरवणुकीत तिसऱ्या तासाला, बोटं थकल्यावर, तुम्हाला दगा देणार.

घरी जमेल का? सात-आठ पॅड बदलण्याइतपत नक्की जमेल. हात स्थिर हवा, उजेड भरपूर हवा आणि घाई नको.

पॅड विकत घ्यायच्या आधी गळती कुठे आहे ते शोधा. सगळेच पॅड खराब झालेले असतात असं नाही. कित्येकदा दोन-तीनच गेलेले असतात, आणि खालच्या ईचा दोष चक्क वरच्या तुकड्यावरच्या एखाद्या बारीक पॅडमध्ये निघतो. क्लॅरिनेटमध्ये वरची एक बारीकशी फट खालचे सगळे स्वर बिघडवते. म्हणून 'खालचा स्वर फुटतो, म्हणजे खालचा मोठा पॅड गेला' हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

वरचा तुकडा सुटा करा. खालचं तोंड तळहाताने बंद करा, अंगठ्यासह डाव्या हाताची चारही बोटं आपापल्या भोकांवर हलकी ठेवा आणि वरच्या तोंडातून हवा ओढा. ओढून थांबल्यावर निदान पाच-सहा सेकंद आतली ओढ टिकली पाहिजे आणि ओठ सोडताना 'टप्' असा आवाज यायला हवा. पण एवढ्यावर थांबू नका. हवा ओढताना पॅड आपोआप भोकांवर खेचले जातात आणि सैल स्प्रिंगची चावीसुद्धा शहाण्यासारखी बंद राहते. वाजवताना मात्र आतला दाब पॅडला बाहेर ढकलत असतो. म्हणून उलटी परीक्षाही करा. अगदी हळू फुंका आणि कुठून सुसकारा येतो ते ऐका. ओठांच्या वरचा भाग किंचित ओला करून वाद्य जवळ फिरवलंत तर हवेची धार कातडीला जाणवते. जोरात फुंकलंत तर चांगला पॅडही उचलला जाईल, त्यातून काही कळणार नाही. खालच्या तुकड्याला हेच करताना उजव्या हाताची तीन बोटं भोकांवर, करंगळी खालच्या ईच्या चावीवर, आणि तळाचं तोंड डाव्या तळहाताने बंद.

नेमका पॅड आणि त्या पॅडची नेमकी बाजू शोधायला एकच हत्यार लागतं, ते घरीच करा. सिगारेट वळायच्या पातळ कागदाची, डिंकाची कड कापून टाकून, साधारण ४ मिमी रुंद आणि टोकाला निमुळती पट्टी कापा आणि खराट्याच्या हिराच्या टोकाला चिकटवा. पॅड उचला, पट्टीचं टोक भोकाच्या काठावर ठेवा, चावी तिच्या स्वतःच्या स्प्रिंगवर बंद होऊ द्या आणि पट्टी हळूच ओढा. किती अडकते ते बोटांना कळतं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असं चारही बाजूंनी करा, मोठ्या पॅडला आणखी चार ठिकाणी. चारही बाजूंना ओढ सारखी लागली पाहिजे. एका बाजूला पट्टी घट्ट आणि समोरच्या बाजूला नुसती सरकते, असं झालं की तो पॅड वाकडा बसतोय. उघड्या चाव्यांना हीच परीक्षा बोटाने बंद करून करायची असते, आणि तिथे स्वतःला फसवणं फार सोपं आहे. जेवढ्या जोराने वाजवता त्याच्या निम्म्या जोराने दाबा.

खालच्या तुकड्यावरच्या मोठ्या पॅडांसाठी उजेडाचीही मदत होते. पुण्यात तपकीर गल्लीत एलईडीच्या पट्ट्या मिळतात. पाच व्होल्टची, यूएसबीवर चालणारी, ८ मिमी रुंदीची पट्टी घ्या. क्लॅरिनेटची आतली नळी सुमारे १५ मिमीची असते, त्यात ती सहज जाते. खोलीत अंधार करून चावी हलकेच बंद केलीत की फट असलेल्या बाजूने उजेडाची रेघ दिसते. वरच्या तुकड्यावरची भोकं बारीक असल्यामुळे तिथे मात्र उजेडापेक्षा कागदच खरं बोलतो.

आता एक गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष झालं की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. चावी स्वतः हलत असेल तर पॅड कधीच बसणार नाही. प्रत्येक चावी तिला धरणाऱ्या दोन खुंट्यांच्या मध्ये धरून पुढे-मागे आणि आडवी हलवून बघा. लांबीच्या दिशेने ती खुळखुळत असेल तर पॅड दर वेळी थोड्या वेगळ्या जागी पडणार आणि वळ दुहेरी उमटणार. टोकदार स्क्रूवर फिरणाऱ्या चावीचा खेळ कधी कधी स्क्रू आत घेऊन कमी होतो. सळईवरच्या चावीची नळी मात्र आवळून लांबवावी लागते, आणि ते काम कारागिराकडेच द्या. पकडीने चेपलेली नळी पुन्हा गोल करायला दुप्पट त्रास होतो.

दुसरं, भोकाचा काठ. जुना पॅड काढल्यावर काठावर नखाच्या टोकाने हळूच फेरी मारा. खाच, टवका, जुन्या चपडीचा (पॅड चिकटवायच्या लाखेचा) ठिपका, कातडीचा चिकटलेला तुकडा, काहीही लागता कामा नये. मळ असेल तर लाकडाच्या टोकदार काडीने काढा, सुरीने नव्हे. ब्लॅकवुडच्या (क्लॅरिनेटच्या काळ्या लाकडाच्या) काठाचा बारीक टवका त्याच लाकडाचा भुगा आणि झटपट चिकटणारा पातळ ग्लू भरून, सुकल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपरने सपाट करता येतो. एबोनाइट आणि प्लॅस्टिकच्या वाद्यांत काठावर साच्याची किंवा कापणीची धार राहिलेली सापडते. तीच पॅडची कातडी कापते. दर वर्षी त्याच जागचा पॅड फाटत असेल तर पॅडला दोष देऊ नका, काठ तपासा.

पॅडची निवड करताना लोक रंग आणि किंमत बघतात. बघायची ती जाडी आणि जात.

सगळ्यात जास्त वापरले जातात ते दुहेरी कातडीचे पॅड. मागे पुठ्ठ्याची चकती, मध्ये लोकरीचा नमदा आणि वर पारदर्शक कातडीचे दोन थर. ही कातडी 'फिश स्किन' म्हणून ओळखली जात असली तरी ती माशाची नसून गुरांच्या आतड्याच्या बाहेरच्या पापुद्र्याची असते. हे पॅड हलके, नि:शब्द, स्वस्त आणि काठावर झटकन बसणारे असतात. पाणी मात्र त्यांना सोसत नाही. भिजलं की नमदा फुगतो, कातडी सुकताना आवळते आणि काठाच्या रेषेवर फाटते. तुमच्या वाद्याचं बहुधा हेच झालंय. शिवाय कसर आणि झुरळं नमदा कुरतडतात. पेटी महिनोन् महिने कपाटात बंद राहिली की हा उपद्रव हमखास. कातडीचा एकच थर असलेले स्वस्त पॅडही बाजारात येतात, ते घेऊ नका.

चामड्याचे पॅड ओल जास्त सोसतात आणि टिकतातही. उघड्यावर, पावसापाण्यात वाजवणाऱ्यांनी खालच्या तुकड्यावरच्या मोठ्या भोकांना चामडं लावावं असं माझं स्पष्ट मत आहे. बसवायला ते थोडे हट्टी असतात, कारण चामडं कातडीइतकं पातळ नसतं आणि वळ उशिरा धरतं. चामडं गुळगुळीत आणि घट्ट वीण असलेलंच घ्या. मऊ, सच्छिद्र, उलट्या बाजूसारखं खडबडीत चामडं हवा झिरपू देतं, मग बसणी कितीही अचूक असो.

बुचाचे पॅड वरच्या तुकड्यावरच्या बारीक भोकांना उत्तम. विशेषतः रजिस्टरच्या (वरचे स्वर काढायला उघडायच्या) चावीला आणि ज्या भोकात सतत पाणी साचतं तिथे. बूच फुगत नाही, चिकटत नाही, काठ स्वच्छ असेल तर पाच-सात वर्षं बघायला लागत नाही. पण ते जराही दबत नाही, त्यामुळे कोनात केसभर चूक असली तरी गळतं. बारीक दाण्याचं, छिद्रं नसलेलं बूच हवं. बाटलीच्या बुचाचा तुकडा चालणार नाही.

आणखी एक जात म्हणजे फोमवर पातळ पडदा असलेले कृत्रिम पॅड. ते पाण्याला दाद देत नाहीत. काहींच्या पाठीला गोंद लावलेलाच असतो. असे पॅड घ्यायचे तर वाटीतली जुनी चपडी पूर्णपणे, धातू दिसेपर्यंत साफ करावी लागते, आणि त्यांना ज्योत दाखवायची नाही.

एका वाद्यावर सगळे पॅड एकाच जातीचे हवेत असा नियम नाही. तुमच्या वाद्याला मी असं सुचवेन: रजिस्टरला बूच, वरच्या बाकी सगळ्यांना दुहेरी कातडी, खालच्या मोठ्या पॅडांना चामडं. बोटांच्या भोकांभोवतीच्या कड्यांना जोडलेल्या पॅडांना मात्र बूच मुळीच नको. आपल्याकडे क्लॅरिनेटवर लावणी वाजते, नाट्यपद वाजतं, त्यात मींड घेताना बोट भोकावरून आणि कडीवरून हळूहळू सरकतं आणि कडीचा पॅड अर्धवट उघडा राहतो. तिथे मऊ नमदा आणि हलकी स्प्रिंग असेल तर स्वर सलग चढतो. कडक किंवा चिकट पॅड असेल तर तो अचानक सुटतो आणि मींडेत पायरी ऐकू येते.

माप घेताना जुना पॅड मोजू नका, तो फुगलेला किंवा पसरलेला असतो. चावीच्या वाटीचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. पॅड अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. वरच्या तुकड्यावर साधारण ९ ते १२ मिमी, खालच्यावरचे मोठे १६ ते १७ मिमी, हा ढोबळ अंदाज. पण वाद्यागणिक फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक वाटी मोजून कागदावर लिहा. बोम सिस्टिमच्या साध्या वाद्यावर वर ११ आणि खाली ६, असे एकूण १७ पॅड असतात. पॅड वाटीत बोटाच्या हलक्या दाबाने जायला हवा. मोठा पॅड कोंबलात तर कातडीला कडेने सुरकुत्या पडतात आणि सुरकुती काठावर आली की गळती. छोटा घेतलात तर चपडी गरम झाल्यावर तो वाटीत सरकतो आणि भोकाचा वळ पॅडच्या अगदी कडेला जातो. प्रत्येक मापाचे दोन जास्तीचे घ्या. पहिल्यांदा करताना एखादा जळतोच.

जाडी हा खरा कळीचा मुद्दा. हे पॅड साधारणपणे अडीच ते साडेतीन मिमी जाडीचे असतात, आणि अर्धा मिमी इकडे-तिकडे झाला की सगळं गणित बदलतं. चावी बिजागरीसारखी फिरते. पॅड जास्त जाड असेल तर बिजागरीकडची, म्हणजे मागची बाजू आधी टेकते आणि पुढे फट राहते. पातळ असेल तर पुढची बाजू आधी टेकते आणि मागे फट राहते. हे वाक्य लक्षात राहिलं तर कागदाची पट्टी पुढे सैल लागतेय की मागे, यावरून दुकानात कुठल्या जाडीचा पॅड मागायचा ते तुम्हालाच कळेल. थोडासा फरक चपडीच्या थराने भरून काढता येतो. मोठा फरक पॅड बदलूनच. चावीचा दांडा वाकवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि वाकवायचाच झाला तर चावी वाद्यावरून उतरवून. पॅडखाली काही सारून चावी वाद्यावरच दाबली तर भोकाचा काठ तुटतो.

बँडमध्ये अजूनही दिसणारे जुने, साध्या सिस्टिमचे तेरा-चौदा चाव्यांचे क्लॅरिनेट असतील तर जाडीचा हिशेब वेगळा लागतो. त्यांच्या वाट्या खोल, घुमटासारख्या असतात, त्यामुळे पॅड जाड आणि मऊ लागतो, चपडीही जास्त. या वाद्यांचं मूळ इव्हान म्युलरच्या तेरा चाव्यांच्या क्लॅरिनेटमध्ये आहे. त्याने तो १८१२ मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉयर या संगीत विद्यालयापुढे ठेवला होता आणि तिथल्या परीक्षकांनी तो नाकारला होता. त्याआधी चावीला चामड्याचा सपाट तुकडा लावत. तो नीट बंद होत नसे, म्हणून जास्त चाव्या बसवणं म्हणजे जास्त गळत्या ओढवून घेणं होतं. म्युलरने वाटीत भरलेला, फुगीर पॅड आणला आणि मग चाव्या वाढवणं शक्य झालं. १८३९ ते १८४३ च्या दरम्यान वादक क्लोझे आणि वाद्यकार ब्युफे यांनी आजची बोम पद्धत बसवली तीसुद्धा याच पायावर. एवढ्याशा गादीवर सगळं वाद्य तोललेलं आहे.

चिकटवायला चपडी. रविवार पेठेत रंग-पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानांत पापुद्र्याची चपडी सुटी मिळते. ती सुमारे ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते, थंड झाली की कडक बसते, आणि पुन्हा गरम केली की पुन्हा हलते. हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा, कारण पॅड एकदाच चिकटवून भागत नाही, जागेवर आणेपर्यंत दोन-तीनदा हलवावा लागतो. ग्लूगनच्या कांडीनेही काम होतं. पण उन्हात तापलेल्या गाडीत वाद्य राहिलं तर हलक्या दर्जाची कांडी मऊ पडून पॅड सरकतो. फेव्हिकॉल, एपॉक्सी, झटपट ग्लू यांतलं काहीही वाटीत घालू नका. ते गरम करून हलवता येत नाही आणि पुढचा पॅड बसवणाऱ्याला वाटी खरवडून काढावी लागते.

चावी उतरवा. उतरवलेल्या चाव्या आणि स्क्रू ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने थर्माकोलच्या तुकड्यात टोचून ठेवा. स्क्रू सारखे दिसले तरी अदलाबदल झाली की चाव्या अडकतात. वाटीची पाठ स्पिरिटच्या दिव्याच्या छोट्या ज्योतीवर दोन-तीन सेकंद धरा, जुना पॅड टोचणीने निघून येईल. जास्त वेळ धरलीत तर मुलामा काळा पडतो. चांदीच्या डाकाचा सांधा इतक्या उष्णतेने सुटत नाही, त्याला ६०० अंशांच्या वर तापमान लागतं. पण पूर्वी कुणी साध्या कथलाच्या डाकाने दुरुस्ती केली असेल तर तो १८५ अंशांच्या आसपास वितळतो आणि वाटी हातात येते. तशी राखाडी, ओबडधोबड जोडणी दिसली तर ज्योत टाळा आणि सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक वाटीच्या पाठीला टेकवून गरम करा. घरात ज्योत नको वाटत असेल तर एरवीही इस्त्री चांगलीच.

नवा पॅड घ्या. दुहेरी कातडीचा असेल तर कडेला, नमद्याच्या उंचीवर, बारीक सुईने एक छिद्र पाडा. आतली हवा तापून फुगते. तिला वाट नसेल तर कातडी फुग्यासारखी वर येते आणि बसणी बिघडते. छिद्र वरच्या सपाट भागाला मात्र पडता कामा नये. मग वितळलेली चपडी पुठ्ठ्याच्या सबंध पाठीवर सारखी पसरा. मधोमध नुसता थेंब टाकण्याची चूक सर्रास होते. तसा पॅड एका टेकूवर उभ्या ताटासारखा डगमगतो, आज बसतो आणि उद्या कलतो. वाटी आणि पॅड यांच्यात पोकळी राहता कामा नये. कडेने थोडी चपडी बाहेर आली तरी चालेल, गार झाल्यावर नखाने निघते.

पॅड वाटीत बसवून, अजून कोमट असतानाच सपाट काचेवर किंवा गुळगुळीत पत्र्यावर हलकेच टेकवा, म्हणजे तो वाटीच्या काठाला समांतर होतो. गार होऊ द्या. चावी वाद्यावर लावा आणि कागदाने चारही बाजू तपासा. समजा पुढे सैल लागतंय. चावी पुन्हा उतरवा, वाटी एक-दोन सेकंद गरम करा, टोचणीने पॅडची पुढची कड वाटीतून केसभर बाहेर ओढा, पुन्हा लावा, पुन्हा तपासा. हे काम असंच चालतं. सराईत माणूस लाकडी वाद्यावर चावी जागेवर ठेवूनच, खाली कागद-पत्र्याची आड धरून वाटी गरम करतो. तुम्ही तसं करू नका, आणि प्लॅस्टिकच्या वाद्यावर तर कुणीच करू नये.

कागद चारही बाजूंना सारखा लागायला लागला की वाटी शेवटची एकदा जेमतेम कोमट करा, चावी लावा आणि ती तिच्या स्प्रिंगवर दहा-पंधरा मिनिटं बंद राहू द्या. उघडी चावी असेल तर बोटाने हलकी धरा, चपडी गार होईपर्यंत. पॅडवर काठाची बारीक, एकसारखी गोल रेघ उमटेल. ती रेघ म्हणजे पावती. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर काम बाकी आहे.

क्रमही सांभाळा. वरच्या तुकड्यावर आधी बंद राहणाऱ्या चाव्या पूर्ण करा आणि त्या प्रत्येकीची परीक्षा घ्या, मग कड्यांच्या चाव्या. गळ्याच्या ए आणि जी शार्पच्या चाव्यांमध्ये एक छोटा जुळणीचा स्क्रू असतो. तो जरा जास्त आत गेला की जी शार्पचा पॅड किंचित उचललेला राहतो, आणि माणूस पॅडवर पॅड बदलत बसतो. या दोन चाव्यांमध्ये एका पातळ कागदाएवढी मोकळीक हवी.

कड्यांच्या बाबतीत पॅड बंद झाला त्या क्षणी कडी भोकाच्या उंचवट्याच्या पातळीला किंवा किंचितशी वर असावी, म्हणजे बोटाचा मांसल भाग दोन्ही एकदम झाकतो. इथे जाड पॅड घातला की तो लवकर टेकतो, कडी वर राहते, बोट कडीवर अडतं आणि भोक उघडं राहतं. खूप पातळ असेल तर बोट भोकाला टेकलं तरी पॅड अधांतरी. कड्यांना म्हणूनच जाडी सगळ्यात नेमकी लागते.

दोन तुकड्यांना जोडणारा पूल सगळ्यात शेवटी. दोन्ही तुकडे जोडा, उजव्या तर्जनीची कडी दाबा, आणि वरच्या तुकड्यावरच्या कडीच्या पॅडखाली व खालच्या तुकड्यावरच्या पॅडखाली एकेक पट्टी ठेवून दोन्ही सारख्या धरल्या जातात का बघा. वरची घट्ट आणि खालची सैल असेल तर पुलावरचं बूच जाड झालंय, बारीक पॉलिश पेपरचा एक हात फिरवा. उलट असेल तर बूच झिजलंय.

आणि आता तुमचा खालचा ई. खालच्या ईची चावी दाबली की दोन मोठे पॅड एकदम बंद व्हावे लागतात, ईचा आणि एफचा. एफच्या चावीचा कावळ्याच्या पायासारखा फाटा ईच्या चावीखाली येतो, त्याच्यामुळे हे घडतं. हे दोन्ही पॅड आधी स्वतंत्रपणे बसवा, फाट्यावरचं बूच काढून ठेवून. दोन्ही आपापले पक्के झाले की मग फाट्यावर नवं बूच लावून जुळणी करा. दोन्ही पॅडांखाली पट्ट्या ठेवा आणि ई दाबा. एफची पट्टी सैल असेल तर फाट्यावरचं बूच जाड हवं. ईची सैल असेल तर पातळ. हा फाटा वाकवून जुळवतात तेही बघायला मिळतं. पण तो पुन्हा पुन्हा वाकवला की मोडतो. भिजलेल्या वाद्यात मोठे पॅड फुगून ही जुळणीच आधी बिघडते, त्यामुळे सगळं सोडून पहिल्यांदा इथेच बघा.

एक सावधगिरी हंगामाची. भिजलेलं लाकूड फुगलेलं असतं, खुंट्या किंचित सरकलेल्या असतात. पुण्यात सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठक्क होते. ओल्या लाकडावर अचूक बसवलेला पॅड त्या कोरडेपणात पुन्हा कलतो. त्यामुळे वाद्य आधी आतून कापडाने पुसून, पेटी उघडी ठेवून, सावलीत दोन-तीन आठवडे सुकू द्या. उन्हात नको, पंख्याच्या थेट झोतात नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको; ब्लॅकवुडला तडा जायला तेवढं पुरतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पॅड बसवलेत तर तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईपर्यंत ते मुरतात आणि वाजवता वाजवता एखादा सरकलाच तर जागेवर आणायला वेळ मिळतो.

पुढे जपायचं तर वाजवून झाल्यावर नळीतून कापड ओढा आणि ओलसर पॅडखाली टिपकागदाचा तुकडा ठेवून चावी दोन-तीनदा हलकी दाबा. कागद काढताना आधी चावी उचला. बंद पॅडखालून कागद ओढला की कातडी त्याच्याबरोबर जाते. पॅड चिकटतोय म्हणून टाल्कम पावडर लावू नका. ओल आणि पावडर मिळून लगदा होतो आणि तो काठावर थर धरतो.

स्प्रिंगबद्दल एवढंच: बंद चावी फुंकरीच्या दाबाला पुरून उरली पाहिजे, उघडी चावी शक्य तितकी हलकी. पॅड बसत नाही म्हणून स्प्रिंग कडक करू नका. कागद चारही बाजूंना सारखा लागत असूनही हळू फुंकल्यावर सुसकारा येत असेल, तरच स्प्रिंगला हात लावा.

सगळं झाल्यावर दोन्ही तुकड्यांची ओढण्याची आणि फुंकण्याची परीक्षा पुन्हा घ्या. मग वाद्य जोडून खालचा ई अगदी मंद, जेमतेम ऐकू येईल इतका हळू धरा आणि तसाच लांबवा. जोरात वाजवलेला ई बरीच गळती लपवतो. मंद ई फुटला तर ईची बोटं तशीच ठेवून एकेका बंद चावीवर दुसऱ्याला बोटाने हलकासा दाब द्यायला सांगा. ज्या चावीवर दाब पडताच स्वर भरतो, तो पॅड पुन्हा उतरवायचा.